दौलताबादच्या वेशीतली जीप

वर्गणी मागायला आलेल्या माणसाला ताटकळत कसं ठेवायचं, हे शहागंजातल्या दुकानदारांना फार छान जमायचं. आम्ही दारात दिसलो की गादीवरचा शेठ एकदम कापडाची थानं मोजायला लागायचा, नाहीतर नोकरावर खेकसायला तरी. अब्बा चपला पायरीखाली काढून उभे राहायचे. त्यांच्या शेजारी सोनवणे मास्तर, नगरपालिकेच्या शाळेतले कवायतीचे शिक्षक, छातीवर शिट्टी लटकवलेली. आणि त्या दोघांच्या मागं पावतीपुस्तक घेऊन मी, दहावीतली शमीम. पाणी नाही, बसा नाही. वीस मिनिटांनी शेठ मान वर करायचा. "काय रशीदभाई, पुन्हा सायकलच का?" कुस्तीच्या फडाला हीच माणसं न मागता द्यायची. उरुसाला द्यायची, गणपतीला द्यायची, कव्वालीला तर मुंबईहून माणूस आणायची. सायकल म्हटलं की हसायची. एकानं तर तोंडावर विचारलं होतं, "सायकल तर दूधवालेबी चालवतेत. त्यात बघायचं काय?" मास्तर समजावून सांगायला लागले. अब्बांनी त्यांचा हात धरला आणि पायरी उतरले. मी मागं वळून त्या शेठकडे बघितलं. तो पुन्हा थानं मोजत होता. मला आज सत्तरी उलटून गेली, पण तो माणूस आठवला की अजून कानशिलं तापतात.

पावतीपुस्तक माझ्याकडं असण्याला कारण होतं. अब्बा निजामाच्या काळात शिकलेले, उर्दू अक्षर मोत्यासारखं. पोलिस ॲक्शन झाली, त्यांचे दोघे भाऊ हैदराबादला निघून गेले, अब्बा दुकानापायी मागं राहिले. हळूहळू कचेऱ्यांतले कागद मराठी झाले आणि अब्बांचं लिहिणं त्यांच्या हातातच पडून राहिलं. मराठी ते वाचायचे, बोट फिरवत, पण लिहायला लाजायचे. म्हणून त्यांनी मला मराठी शाळेत घातलं. नातेवाइकांनी बोल लावले, ते ऐकून घेतले. आमच्या सायकल मंडळाचे सगळे अर्ज, पावत्या, शर्यतीचे नियम मी लिहायची आणि खाली अब्बा उर्दूत सही करायचे. मंडळ म्हणजे तरी काय, अब्बा चिटणीस, मास्तर अध्यक्ष आणि कागदावर लागतात म्हणून घातलेली पाच नावं.

आमचं घर दुकानाच्या पाठीमागं होतं, मध्ये एक भिंत. सकाळी जाग यायची ती चाकांच्या आऱ्यांच्या आवाजानं. अब्बा चाक फिरवत, एकेक आरा बोटानं छेडून बघत, सूर चुकला की चावीनं आवळत. टिण्, टिण्, टण्. त्या "टण्"ला ते थांबायचे. घरभर पंक्चरच्या सोल्युशनचा वास असायचा आणि त्याच्यावर मात करायला अम्मी खट्ट्याला फोडणी द्यायची. चिंच, तीळ, सुकी मिरची. भाड्याच्या बावीस सायकली होत्या. त्यांच्यावर घर चालायचं. पण अब्बांचा जीव शर्यतीत. तरुणपणी ते भावांना भेटायला सायकलवर हैदराबादला गेले होते, चार दिवस लागले. ते सांगायला लागले की वाटेतलं प्रत्येक गाव, प्रत्येक चढ हातानं हवेत काढून दाखवायचे. भावांबद्दल मात्र फारसं बोलायचे नाहीत.

शर्यत दर वर्षी थंडी सरता सरता व्हायची. शहागंजापासून छावणी, पडेगाव, दौलताबादची वेस, तिथून घाट चढून खुलताबाद, खाली वेरूळ, आणि त्याच रस्त्यानं परत. आदल्या दिवशी जालना, परभणी, नांदेडकडची पोरं यायची. त्यांना उतरायला जागा कुणी देत नसे, मग ती आमच्याकडंच. अम्मी पातेलंभर खिचडी टाकायची, वर खट्टा, पापड, तळलेलं वांगं. दुकानातल्या सायकली बाहेर काढून आत सतरंज्या पडायच्या. अम्मी कुरकुरायची, "बरात है क्या मेरे घर में?" आणि पुढच्या क्षणी कुणाच्यातरी ताटात वाढत म्हणायची, "खाव बेटा, कल चढान है."

या सगळ्याला पैसा किती लागायचा? आजच्या हिशेबात सांगितला तर लोक हसतील. गेल्या वर्षी काही तरुण मुलं मला भेटायला आली होती. रविवारी पहाटे वेरूळ रस्त्यावर जातात ती, डोक्यावर टोप, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, मोटारसायकलपेक्षा महाग सायकली. चांगली मुलं. त्यांनी दिलेल्या पत्रिकेवर छापलं होतं, 'शहराच्या इतिहासातली पहिली सायकल शर्यत'. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पहिली! मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, बाळांनो, बसा जरा. ती घाईत होती. त्यांच्यावर काय रागवायचं? ज्यांनी आमची शर्यत मारली त्यांनी ती इतकी स्वच्छ मारली की डागसुद्धा उरला नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

म्हाळू आमच्याकडं दूध घालायचा. गंगापूर रस्त्यावरच्या एका वस्तीतला धनगराचा पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा, काळा, सडपातळ. त्याचा बाप मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ असायचा. म्हाळूनं दोन म्हशी घेतल्या होत्या आणि रोज सकाळी दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या लटकवून, वजनदार काळ्या सायकलवर तो शहरात यायचा. जाऊन येऊन बारा कोस. एकदा त्याच्या सायकलची साखळी तुटली म्हणून अब्बांनी त्याला घरी जायला भाड्याची हलकी सायकल दिली. दुसऱ्या दिवशी तो इतक्या लवकर आला की अम्मीनं दूध तापवायचं पातेलंही घासलं नव्हतं. "चाचा," तो अब्बांना म्हणाला, "ही सायकल नाय, ही तर लई बिगी पळतीय. मला भ्याच वाटलं." अब्बा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या पायांकडं बघितलं, मग मास्तरांना निरोप धाडला. वर्षभर त्याला तयार केलं. जुन्या सांगाड्याला नवी चाकं लावून अब्बांनी त्याच्यासाठी एक सायकल बांधली. मास्तर त्याला घाटात पाठवायचे आणि वर चढून येईपर्यंत शिट्टी ओठांत धरून उभे राहायचे.

त्या वर्षी शर्यतीला पहिल्यांदाच एक मोठा अर्थ आला होता. जिल्ह्याच्या शर्यतीत पहिला येणाऱ्याला पुण्याच्या राज्य निवड शर्यतीत उतरवणार, असं पत्र आलं होतं. मंडळाच्या चिटणिसानं दाखला द्यायचा, की नाव लागलं. पुण्यात चमकलेल्या पोरांना पोलिसात, रेल्वेत नोकऱ्या लागतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हाळूच्या आईलाही ठाऊक झालं होतं. पण शर्यत चांगली करायची तर खर्च वाढणार होता. आणि रस्त्याची परवानगी! तो अर्ज मी त्या वर्षी चार वेळा लिहिला. एका टेबलावरून दुसऱ्या, तिथून पोलिसांकडं, तिथून परत पहिल्या. तिथला कारकून कागद न बघता म्हणाला, "सायकलींसाठी मोटारी थांबवायच्या? डोकं ठिकाणावर आहे का?" दुसऱ्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या मुलीच्या वरातीसाठी तोच रस्ता अर्धा दिवस बंद होता.

आणि मग साहेब आले. जिल्ह्यातले एक बडे पुढारी, त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. भीती नाही, ते कधीच गेले. पण आमच्या शर्यतीला त्यांचं नाव एकदा चिकटलं होतं तेवढं पुरे. साहेबांचा एक माणूस दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला की सगळा खर्च साहेब करतील. पहिल्याला नवी रेसची सायकल, दुसऱ्या-तिसऱ्याला घड्याळं, परवानगीचं ते बघतील. शर्यतीला फक्त साहेबांचं नाव द्यायचं. आणि हो, साहेबांचा पुतण्या कॉलेजात आहे, तोही उतरणार आहे. अब्बांचा चेहरा उजळला. मास्तर म्हणाले, "रशीदभाई, हे फुकट नसतं." अब्बा म्हणाले, "मास्तर, बारा साल से दरवाजे दरवाजे फिर रहे अपन. एक दरवाजा खुद चलके आया, तो उसे भी शक से देखना क्या?" परवानगी चार दिवसांत मिळाली. जो कागद मी चार वेळा लिहिला होता, तो न लिहिताच.

शर्यत सकाळी सहाला सुटायची होती. आम्ही नेहमी सहालाच सोडायचो, उन्हाच्या आत पोरं परत यावीत म्हणून. त्या दिवशी मंडप होता, कर्णा होता, साहेबांच्या नावाचा एवढा मोठा फलक होता की त्यात 'सायकल' हा शब्द शोधावा लागायचा. फक्त साहेब नव्हते. सात वाजले, आठ वाजले. चाळीसेक पोरं सायकली धरून उन्हात उभी. नांदेडचा एकजण पाणी मागत होता आणि कार्यकर्ते हारांवर पाणी शिंपडत होते. साडेनवाला साहेब आले, चाळीस मिनिटं तरुणांच्या आरोग्यावर बोलले आणि मग झेंडी दाखवली.

भाषण चालू असतानाच मी निघून दौलताबादला पोचले होते. वेशीतून जाताना-येताना प्रत्येक स्पर्धकाचा नंबर आणि वेळ लिहायचं काम माझं होतं. मास्तरांच्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्यानं मला आणि माझ्या खुर्चीला तिथं सोडलं होतं. किल्ल्याच्या तटातली ती वेस तुम्ही पाहिली असेल, जेमतेम एक गाडी जाईल एवढी. जाताना पोरं घोळक्यानं गेली. सात नंबरचा म्हाळू मधेच कुठंतरी होता, मान खाली, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणं. साहेबांचा पुतण्या पुढं होता. मुलगा खरंच चांगला चालवायचा, ते कबूल करायला हवं. वाकड्या हँडलची विलायती सायकल होती त्याची.

बराच वेळ झाला. ऊन डोक्यावर आलं. मग शहराच्या बाजूनं साहेबांची जीप आली आणि बरोबर वेशीत आडवी थांबली. आतून एक फोटोवाला उतरला. साहेब हार घालूनच उतरले. मागं किल्ला दिसावा, कमान दिसावी, आणि पुतण्या पहिला येतोय, साहेब हात उंचावून त्याला शाबासकी देताहेत, असा फोटो घ्यायचा होता. मी उठून गेले. म्हटलं, "काका, जीप काढा. पोरं उतारानं जोरात येतेत." ड्रायव्हरनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कोण?" मी म्हटलं, "मी नंबर लिहिते." तो हसला. साहेबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

घाटाच्या वळणावर एक सायकल दिसली. एकटीच. फोटोवाला ओरडला, "आले, आले!" साहेबांनी हात उंचावला. पण तो पुतण्या नव्हता. म्हाळू होता. उतारावरून वाऱ्यासारखा येत होता आणि समोर वेशीत आडवी जीप. मी किंचाळले. त्यानं दोन्ही ब्रेक दाबले, सायकल आडवी घसरली, तो खांद्यावर पडला आणि खडीवरून फरपटत जीपच्या चाकाशी येऊन थांबला. कोपरापासून खांद्यापर्यंत सोललं होतं. तो उठला. "गाडी घ्या मागं!" तो ओरडला. ड्रायव्हरनं साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, आणि हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले, "थांब जरा. आपला मागंच आहे."

म्हाळूनं एक क्षण बघितलं. मग सायकल उचलून खांद्यावर घेतली, जीप आणि दगडी भिंत यांच्यात वीतभर फट होती तिच्यातून अंग घासत पलीकडं गेला, सायकल टेकवली आणि बसून निघाला. दोन मिनिटांनी पुतण्या वळणावर दिसला. तेव्हा जीप मागं घेतली. लगेच. फोटोही निघाला. मी वहीत लिहिलं: नंबर सात, पहिला. त्याखाली लिहिलं: वेशीत जीप आडवी, सायकल उचलून पार. माझं अक्षर तेवढ्या एका ओळीत वाकडं आलं.

टेम्पोतून मी शहागंजात पोचले तेव्हा निकाल लोकांनीच लावून टाकला होता. पडेगावपाशी पुतण्यानं म्हाळूला गाठलं, दोघं छावणीपर्यंत बरोबर आले आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर म्हाळू तीन-चार सायकली पुढं निघाला. हजारभर लोकांनी बघितलं. सोललेल्या खांद्यानिशी पोरांनी त्याला उचलून घेतलं होतं. आणि कर्ण्यावरून आवाज आला की सात नंबरचा स्पर्धक सायकलवरून उतरून पायी चालल्यामुळं नियमानं बाद.

मंडपामागं एक टेबल होतं. तिथं साहेबांचा माणूस, मास्तर आणि अब्बा. माणसाच्या हातात मी लिहिलेला नियमांचा कागद होता. त्यानं बोट ठेवून वाचलं, "स्पर्धकाने सायकल सोडून कोणतेही अंतर पार करू नये." मी मधेच बोलले, "सोडून नाही गेला, उचलून गेला. मी तिथं होते. आणि जीप कुणाची होती?" तो म्हणाला, "मुलीला बाहेर काढा." मास्तर म्हणाले, "मी सही करणार नाही." "नका करू. दाखला चिटणिसाच्या सहीनं जातो," असं म्हणून त्यानं कागद अब्बांपुढं सरकवला. त्यावर पुतण्याचं नाव आधीच टंकलेलं होतं. आधीच! शर्यतीच्या किती दिवस आधी, ते अल्ला जाणे. "रशीदभाई, पुढच्या वर्षी यापेक्षा मोठी करू. नाहीतर पुढच्या वर्षी परवानगी कोण आणतं ते बघतो."

अब्बांनी माझ्याकडं बघितलं नाही. बोट फिरवत कागद पूर्ण वाचला. आणि सही केली. उजवीकडून डावीकडं, ती सुंदर उर्दू सही.

मी अब्बांवर चिडले, ते कसं सांगू? परक्यांवरचा राग सोपा असतो. दुपारी घरी आल्यावर ते म्हणाले, "शम्मू, शर्यत राहिली पाहिजे ना बेटा. एक साल का नुकसान है." उत्तर अम्मीनं दिलं. ती चुलीपुढून उठली, ओढणीला हात पुसत आली आणि म्हणाली, "वो बच्चा कल मेरे हाथ का खाके गया. उसका हक तुम किसी और की थाली में डाले. अब कौनसी रेस बची जी? किस चीज को बचाए तुम?" अब्बा दुकानात जाऊन बसले. त्या दिवशी आऱ्यांचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी दूधही आलं नाही. तिसऱ्या दिवशी अम्मीनं दुसरा दूधवाला लावला. बक्षिसाची ती रेसची सायकल, जाता जाता सांगते, फोटो झाल्यावर जिथून आणली होती त्या दुकानात परत गेली. पुतण्याला तिची गरज नव्हती.

दहाबारा दिवसांनी अब्बा मला म्हणाले, "वही घे. जाऊ." आम्ही गंगापूरच्या एसटीत बसलो आणि फाट्यावर उतरून वस्तीवर चालत गेलो. म्हाळू म्हशींना पाणी दाखवत होता. खांद्यावर हळद लावलेली होती. त्याची आई बाजेवर बसली होती, तिनं आम्हाला पाणी दिलं. म्हाळूनं रामराम केला नाही.

"सही तुमचीच हाय ना?" त्यानं विचारलं.

"व्हय," अब्बा म्हणाले.

"मग आता काहून आले?"

"पुण्याला चल. तिथं मी सांगतो, तो दाखला खोटा आहे म्हणून."

"आन् नाय ऐकलं त्यांनी?"

"तर नाही ऐकलं. पण मी सांगतो."

म्हाळू पाणी ओतत राहिला. मला वाटलं, आता हा आम्हाला वाटेला लावणार, आणि लावलं असतं तरी मी त्याच्या बाजूची होते. पण त्याची आई म्हणाली, "जा रं. त्यांनी चूक केली ती त्यांच्या तोंडानं सांगू दे. तू शर्यत पळून ये." म्हाळू म्हणाला, "तिकिटाचं माझं मी बघीन. चाचांचा एक पैसा नको."

अम्मीनं मला पुण्याला जायला एका शब्दानं अडवलं नाही. नातेवाइकांनी नाक मुरडलं तेव्हा ती म्हणाली, "लिखी इसने है, तो बोलेगी भी यही." एसटीच्या टपावर सायकल बांधली. मास्तर, अब्बा आणि मी पुढं, म्हाळू एकटा मागच्या बाकावर. नगरला चहा घेतला तेव्हाही तो वेगळा उभा राहून प्याला.

पुण्यात मैदानाच्या कडेला टेबल मांडून एक वयस्कर गृहस्थ नंबर वाटत होते. स्वच्छ पांढरा शर्ट, बोलणं सावकाश. पुतण्या आधीच नंबर लावून तयार होता, जवळच बाकावर बसलेला. अब्बांनी सांगायला सुरुवात केली. मराठीत, अडखळत, कारण पुण्यातल्या माणसापुढं त्यांना आपलं मराठी कमी वाटायचं. गृहस्थांनी फाईल काढली. "पण औरंगाबादचा दाखला आला आहे. ही सही कुणाची?"

"माझी."

"मग?"

"सही खरी आहे, दाखला खोटा आहे. मी खोटं लिहून दिलं. हा पोरगा पहिला आला." आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. अब्बांच्या कपाळावर घाम होता. मी वही उघडून टेबलावर ठेवली आणि वेशीत काय झालं ते सगळं सांगितलं, थांब जरा, आपला मागंच आहे, हे शब्दसुद्धा. गृहस्थांनी ती ओळ दोनदा वाचली. मग पुतण्याकडं वळून विचारलं, "हे खरं आहे का?"

पुतण्यानं खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. साहेबांवर मी रागावले ते रागावलेच, पण त्या मुलावर जास्त. तो तरुण होता, त्याला विचारलं होतं, आणि त्याला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

गृहस्थ अब्बांना म्हणाले, "तुम्ही काय केलं आहे ते तुम्हाला समजतंय ना? खोटा दाखला दिल्याचं मला वर कळवावं लागेल. मंडळाची मान्यता जाईल."

"कळवा," अब्बा म्हणाले.

त्यांनी म्हाळूला नंबर दिला. छापील संपले होते, म्हणून कापडावर शाईनं लिहून. म्हाळू राज्यभरच्या साठ-सत्तर पोरांत चौदावा आला. कधी न पाहिलेला रस्ता, पुरता न भरलेला खांदा, अब्बांनी जुन्यातून बांधलेली सायकल. चौदावा म्हणजे निवड नाही. नोकरीही नाही. पुतण्या कितवा आला ते मी पाहिलं नाही. गोष्टींत असतो तसा शेवट मला तुमच्यासाठी करता येत नाही. म्हाळू नंतर दोन-तीन वर्षं जळगाव, नाशिककडच्या शर्यतींत उतरला, एकदा तिसरा आला, मग लग्न झालं, म्हशी वाढल्या. एकविसाव्या वर्षी त्याला जे सरळ मिळायचं होतं, ते नंतर कधी मिळालं नाही. कुणी भरपाई केली नाही. साहेबांचा तो फोटो मात्र पेपरात छापून आला होता, हार, कमान, किल्ला, सगळं.

महिन्याभरानं मान्यता रद्द झाल्याचं पत्र आलं. मास्तरांनी दुकानात उभ्याउभ्या वाचून दाखवलं. अब्बा म्हणाले, "पुन्हा वाचा." मास्तरांनी पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "माफीचा अर्ज करू. शमीम लिहील. एखाद्या वर्षात परत मिळेल." अब्बांनी मान हलवली. "मास्तर, माफी मी पुण्यात मागितली, ज्याची मागायची त्याच्यासमोर. आता कागदावर नक्को." त्यानंतर शहागंजातून वेरूळची शर्यत सुटली नाही. ना अब्बांच्या हयातीत, ना त्यानंतर कितीतरी वर्षं.

पत्राची बातमी वस्तीपर्यंत कशी पोचली कोण जाणे. दोन दिवसांनी सकाळी म्हाळू दुकानासमोर उतरला. किटल्या सायकलला तशाच. तो पायरीपाशी उभा राहिला.

"चाचा, माझ्यापायी शर्यत गेली म्हणं."

अब्बा चाक आवळत होते. त्यांनी चाक बाजूला ठेवलं. "तुझ्यापायी नाही रे. माझ्या सहीनं गेली."

आतून अम्मी दाराशी आली होती, मीही. म्हाळूनं आमच्याकडं बघितलं, मग किटलीच्या झाकणाकडं. झाकण काढलं आणि अम्मीला विचारलं, "चाची, पातेलं आणा. किती घालू?"